चैत्रातील पायी वाट : शिंदखेडा ते सप्तशृंगगड

तापीच्या दक्षिण तीरावर पसरलेला शिंदखेडा तालुका हा धुळे जिल्ह्यातील मुख्यतः कोरडवाहू शेतीचा मुलूख. बुराई नदीच्या काठी वसलेले शिंदखेडा हे तालुक्याचे गाव, मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखली जाणारी दोंडाईचा नगरी आणि पांझरा व तापी यांच्या संगमावरील मुडावद ही या तालुक्याची परिचित ठिकाणे होत. चैत्र उजाडतो तेव्हा येथील शेते बहुधा मोकळी झालेली असतात. कापसाच्या पऱ्हाट्या निघालेल्या असतात, गहू आणि हरभरा घरात आलेला असतो. सालदारांचे साल संपत आलेले असते आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण अजून काही दिवस दूर असतो. कामाच्या दोन हंगामांमधील या मोकळ्या अवधीत गावोगावी भगव्या पताका बाहेर निघतात व माणसे सप्तशृंगगडाच्या वाटेला लागतात.

नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यातील हा गड सह्याद्रीच्या सातमाळा रांगेत असून साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून तो महाराष्ट्राला परिचित आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत तेथे चैत्रोत्सव भरतो. या उत्सवाला खानदेशातील भाविक फार मोठ्या संख्येने, आणि त्यांतील पुष्कळसे पायी येतात. खानदेश हे देवीचे माहेर आहे अशी लोकभावना आहे. माहेरच्या माणसांनी लेकीच्या भेटीला जावे त्या ओढीने ही मंडळी निघतात.

या यात्रेच्या धार्मिक महत्त्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु शेकडो माणसे एका आठवड्यात एवढे अंतर चालून जातात, एकत्र शिजवतात, एकत्र जेवतात आणि उघड्यावर शेजारी शेजारी झोपतात, ही घटना सामाजिक दृष्टीनेही अभ्यासण्याजोगी आहे. या प्रवासात जी सोबत निर्माण होते ती आपोआप होत नाही. काही साध्या नियमांनी आणि वाटेवरील गावांच्या सहकार्याने ती उभी राहते. हे नियम व हे सहकार्य समजून घेतल्यास पदयात्रा अधिक सुरक्षित करण्याचा मार्गही त्यातच सापडतो.

वाट आणि तिचे टप्पे

शिंदखेड्याहून निघालेली मंडळे सामान्यतः चिमठाणे, सोनगीर या बाजूने धुळ्यास येतात. शिरपूर, नरडाणा भागातील यात्रेकरूही याच सुमारास मुंबई-आग्रा मार्गाने धुळ्याकडे येत असल्याने येथून पुढे वाट गजबजते. धुळे सोडल्यावर लळिंगचा किल्ला उजाडत्या प्रकाशात दिसू लागतो. त्यानंतर झोडगे, मालेगाव, देवळा, कळवण आणि शेवटी गडाच्या पायथ्याचे नांदुरी अशी ही वाट आहे. एकूण अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. कोणते मंडळ कोणत्या आडवाटेने जाते त्यावर ते थोडे कमी-अधिक होते. दिवसाकाठी पंचवीस ते तीस किलोमीटर धरले तर सहा ते सात दिवस लागतात.

या वाटेची एक भौगोलिक गंमत आहे. बुराई व पांझरा या नद्या तापीला मिळतात. मालेगावची मोसम गिरणेला आणि गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. म्हणजे यात्रेकरू ज्या ज्या पुलावरून जातात त्या प्रत्येक पुलाखालचे पाणी अखेरीस त्यांच्याच खोऱ्यात उतरणारे असते. गिरणेचा उगम कळवणच्या बाजूच्या डोंगरांतच होतो. तापीकाठची माणसे आपल्या खोऱ्याच्या माथ्याकडे चालत जातात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकांना ही यात्रा म्हणजे नदीखोऱ्याचा एक चालता धडाच आहे.

मंडळाची रचना

बहुतेक मंडळे एका गावाची किंवा शेजारच्या दोन-तीन गावांची असतात. निघण्यापूर्वी वर्गणी जमते व शिधा गोळा होतो. कोणी ज्वारी देतो, कोणी डाळ, तर कोणी तेलाचा डबा. देवीची प्रतिमा सजविलेल्या ट्रॅक्टरवर किंवा छोट्या टेम्पोवर ठेवतात. त्याच वाहनात अथवा दुसऱ्यात अंथरूण-पांघरूण, भांडी आणि पाण्याच्या टाक्या असतात. स्वयंपाक सांभाळणारे चार-पाच जण पुढच्या मुक्कामी आधी पोहोचतात. पताका धरणारे पुढे, मध्ये स्त्रिया व वडीलधारी मंडळी आणि सर्वांत मागे एखादा अनुभवी यात्रेकरू अशी चाल असते.

हा मागचा माणूस फार महत्त्वाचा. आपल्या मागे कोणी राहिलेले नाही, एवढेच त्याचे काम. तो मुक्कामी पोहोचला की मंडळ पोहोचले असे समजावे, हा जुन्या यात्रेकरूंचा दंडक आहे. जेथे हा दंडक पाळला जातो तेथे वाट चुकलेला मुलगा किंवा पाय मुरगळलेली वृद्धा रस्त्याच्या कडेला एकटी राहत नाही.

चालण्याच्या वेळा उन्हाने ठरवून दिलेल्या आहेत. चैत्रात खानदेशाचे तापमान चाळीस अंशांपर्यंत आणि त्यापलीकडेही जाते. म्हणून पहाटे तीनच्या सुमारास निघायचे, दहाच्या आत सावली गाठायची, दुपार झाडाखाली किंवा शाळेच्या ओसरीत काढायची आणि ऊन उतरल्यावर पुन्हा चालू लागायचे, असा क्रम असतो. दुपारी वरण-बट्टी किंवा खिचडी शिजते. सकाळच्या न्याहारीला भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली असते.

तिसरा दिवस

पहिल्या दिवशी उत्साह असतो. तरुण मुले पुढे पळतात, मोठ्याने जयजयकार होतो, आणि मागे राहिलेल्यांची फारशी आठवण कोणास राहत नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात. तिसऱ्या दिवशी पायांना फोड आलेले असतात, झोप अपुरी झालेली असते, घर मागे राहिलेले असते आणि गड अजून दूर असतो. यात्रा सोडून परतण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांच्या मनात तो बहुधा याच दिवशी येतो.

आणि याच दिवशी मंडळाला खरे रूप येते. पुढे पळणारा मुलगा आता पिंपळाच्या पाराशी बसून मागून येणाऱ्या आजोबांची वाट पाहतो. आजोबांजवळ मोहरीच्या तेलाची बाटली असते आणि पाय कसे चोळावेत हे त्यांना ठाऊक असते. एकीची पिशवी दुसरी उचलते. कोणी अहिराणी गाणे धरते व बाकीच्या त्यात सूर मिसळतात. मंडळाची गती आता सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी ठरू लागते. ती तशी ठरली तरच सारे जण गडावर पोहोचतात, हे कोणी शिकवावे लागत नाही.

या वाटेवर हाका मारण्याची रीतही बदलते. गावात ज्यांना आडनावाने किंवा हुद्द्याने ओळखतात त्यांना येथे आप्पा, आबा, नाना, जिभाऊ म्हणतात. स्त्रियांना ताई किंवा माय म्हणतात. शेतमालक आणि त्याचा सालदार एकाच पंगतीला बसतात, आणि वाढण्याची पाळी दोघांवरही येते. पाणी भरण्याची व भांडी घासण्याची पाळी ज्या मंडळात खरोखर सर्वांवर येते त्या मंडळात भांडणे कमी होतात, हा अनुभव आहे.

तथापि एवढ्यावर समाधान मानणे योग्य होणार नाही. आठवडाभराच्या पंगतीतील समता गावी परतल्यावर किती टिकते, हा यात्रेपुढील खरा प्रश्न आहे. वाटेवर ज्याच्या तांब्यातून पाणी प्यालो त्याच्या वस्तीतील नळाची तक्रार ग्रामसभेत आली तर आपण त्याच्या बाजूने उभे राहतो काय? जेथे याचे उत्तर होकारार्थी येते तेथे यात्रेचे पुण्य गावाच्या पदरी पडले असे म्हणता येईल.

वाटेवरची गावे

पदयात्रा जेवढी चालणाऱ्यांची तेवढीच ती वाटेवरील गावांचीही असते. कोठे रांजण भरून ठेवलेले असतात, कोठे ताकाचे पिंप असते, कोठे कलिंगडाच्या फोडी कापून ठेवलेल्या असतात. एखादा डॉक्टर किंवा औषधविक्रेता पट्टी बांधण्यासाठी मांडव घालून बसतो. देणारे व घेणारे एकमेकांस ओळखत नसतात, आणि पुढे भेटण्याचा संभवही नसतो.

ही रीत जगात अन्यत्रही आढळते. जपानमधील शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची सुमारे १,२०० किलोमीटरांची पदयात्रा आहे. तेथील गावकरी यात्रेकरूंना फळे, चहा, क्वचित निवाराही देतात. या दानाला ते ‘ओसेत्ताई’ म्हणतात. अमेरिकेत ॲपलेशियन पर्वतरांगेतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरांची पायवाट १९३७ साली पूर्ण झाली, आणि १९४८ साली अर्ल शॅफर हा ती एका दमात संपूर्ण चालल्याची नोंद करणारा पहिला पांथस्थ ठरला. या वाटेला पाच ते सात महिने लागतात. तेथेही चालणारे आपली नेहमीची नावे बाजूला ठेवून वाटेवर मिळालेल्या टोपणनावाने एकमेकांना ओळखतात, आणि वाटेकाठचे लोक अनोळखी पांथस्थांसाठी खाद्यपदार्थ ठेवून जातात. श्रद्धा निराळी, भूमी निराळी. परंतु लांब चालणाऱ्या माणसाच्या गरजा आणि त्या भागविण्याची माणसांची रीत बरीचशी सारखी आहे.

आपल्या राज्यात या बाबतीत सर्वांत जुना व शिस्तबद्ध अनुभव पंढरीच्या वारीचा आहे. खानदेशातूनच मुक्ताईनगरची संत मुक्ताईची पालखी महिन्याहून अधिक काळ चालून आषाढीला पंढरपुरास पोहोचते. आळंदीच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिलेली शिस्त आजही पाळली जाते. प्रत्येक दिंडीचा क्रमांक व जागा ठरलेली असते. सायंकाळी मुक्कामी समाज आरतीपूर्वी चोपदार दंड उंचावतो आणि अफाट जनसमुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहितीही त्याच वेळी पुकारली जाते. चैत्रातील पदयात्री मंडळांनी दररोज सायंकाळी दहा मिनिटे अशी बैठक घेतली तर अनेक अडचणी वाढण्याआधीच सुटतील.

उन्हाशी गाठ

या यात्रेतील पहिला धोका उन्हाचा. घामावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. तहान लागेपर्यंत थांबल्यास उशीर झालेला असतो. म्हणून थोडे थोडे पाणी वारंवार प्यावे. क्षारसंजीवनीची पुडी जवळ ठेवावी. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी प्यावे. उपवास करून उन्हात चालणे टाळावे. रक्तदाब, मधुमेह अथवा हृदयविकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी व आपली औषधे स्वतःजवळच ठेवावीत, मागच्या वाहनात नव्हे.

चालणाऱ्याला चक्कर, मळमळ किंवा पायात गोळे येऊ लागल्यास त्याला तत्काळ सावलीत बसवावे. अंग तापलेले आहे आणि तो असंबद्ध बोलू लागला आहे, असे दिसल्यास तो उष्माघात समजावा. अशा वेळी कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पायाचे फोड शक्यतो फोडू नयेत. ते धुऊन, कोरडे करून त्यांवर स्वच्छ पट्टी बांधावी. अनवाणी चालण्याचा नवस असलेल्यांनी निदान तापलेल्या डांबरी रस्त्यावरून भर दुपारी चालू नये.

रस्त्याची शिस्त

दुसरा धोका वाहनांचा, आणि तो पहाटेच्या काळोखात अधिक असतो. भरधाव वाहनाखाली सापडून पदयात्री दगावल्याच्या दुःखद घटना राज्यात वेळोवेळी घडल्या आहेत. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकामागे एक चालावे. काळोखात पांढरे किंवा फिकट कपडे घालावेत आणि पाठीवर, पताकेच्या काठीवर व वाहनांवर प्रकाशात चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. मंडळाचे वाहन शक्यतो मागे ठेवून त्यावर लुकलुकणारा दिवा लावावा. विश्रांतीसाठी रस्त्याच्या कडेला, उभ्या ट्रकखाली किंवा पुलाच्या कठड्यावर कधीही बसू अथवा झोपू नये. ध्वनिवर्धकाच्या कर्कश आवाजात मागील वाहनाचा इशारा ऐकू येत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नांदुरीहून गडापर्यंतचा घाट हा अखेरचा टप्पा. उत्सवकाळात खासगी वाहने नांदुरीस थांबवून राज्य परिवहनाच्या गाड्या गडावर सोडण्याची पद्धत आहे. वृद्ध व आजारी यात्रेकरूंनी घाटात त्यांचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. २०१८ सालापासून गडावर पायऱ्यांऐवजी मंदिरापर्यंत जाण्यासाठी रुळांवरून चालणारी फ्युनिक्युलर ट्रॉलीही उपलब्ध झाली आहे.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

वाटेवरील ग्रामपंचायतींना फार मोठा खर्च न करता पुष्कळ करता येते. चैत्रात शाळा सहसा सकाळच्या असतात. दुपारी वर्ग मोकळे असतात. ते यात्रेकरूंच्या विसाव्यासाठी उघडावेत. स्त्री-यात्रेकरूंची सर्वांत मोठी अडचण स्नानाची व स्वच्छतागृहाची असते आणि ती त्या बोलून दाखवीत नाहीत. कित्येक जणी या संकोचापोटी पाणी पिणेच कमी करतात आणि उन्हाच्या त्रासाला बळी पडतात. शाळेचे अथवा पंचायतीचे स्वच्छतागृह पाण्यासह खुले ठेवणे आणि त्याची पाटी रस्त्यावर लावणे हे त्यामुळे आरोग्यरक्षणाचेच काम आहे. पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण, आशा कार्यकर्तीजवळ क्षारसंजीवनीच्या पुड्या आणि आरोग्य उपकेंद्राचा दूरध्वनी क्रमांक दर्शविणारा फलक, एवढी व्यवस्था प्रत्येक गावाला शक्य आहे.

स्वच्छतेची जबाबदारी मात्र दोन्ही बाजूंची आहे. एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. प्रत्येक यात्रेकरूने आपला तांब्या व ताटली बरोबर घेतल्यास वाटेवर कचऱ्याचे ढीग उरणार नाहीत. ज्या गावाने पाणी दिले त्याच्या शिवारात कचरा टाकून जाणे हे कोणत्याही नवसात बसत नाही.

निघणाऱ्या गावांतील शिक्षकांनी यात्रेकरूंची यादी करून द्यावी. नाव, वय, रक्तगट, नातेवाइकाचा दूरध्वनी आणि असलेला आजार यांची नोंद एका वहीत असली आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत राहिली तर संकटसमयी तिचे मोल कळते. याच वहीत दरवर्षी मुक्कामाची ठिकाणे, तेथील पाण्याची सोय आणि आलेल्या अडचणी लिहिल्या तर पुढील वर्षीच्या मंडळाला ती मार्गदर्शिका होईल. कोरोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ या दोन वर्षी चैत्रोत्सवाची यात्रा भरू शकली नाही. वाटेचे ज्ञान केवळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल तर अशा खंडात ते कसे हरवू शकते, याची जाणीव त्या काळाने करून दिली.

परतीची वाट

चतुर्दशीच्या रात्री दरेगावचे गवळी घराण्याचे मानकरी परंपरेप्रमाणे गडाच्या अवघड शिखरावर कीर्तिध्वज घेऊन जातात. पहाटे शिखरावर ध्वज फडकताना दिसला की खाली जमलेल्या यात्रेकरूंचा शीण निघून जातो. दर्शन होते, प्रसाद घेतला जातो, आणि बहुतेक जण मोटारीने किंवा एस.टी.ने परतीला लागतात. ज्या अंतराला सहा दिवस लागले ते काही तासांत मागे पडते. खिडकीतून ओळखीची झाडे, पार आणि रांजण दिसतात तेव्हा गाडीतील माणसे ती एकमेकांना बोटाने दाखवितात.

पुढील काही आठवड्यांत आखाजी येते, मग मृगाची चाहूल लागते आणि मंडळी शेतात पांगतात. वाटेवर एकमेकांच्या पायांकडे पाहून चालण्याची जी सवय लागली ती मात्र गावात उपयोगी पडू शकते. बंधारा बांधायचा असो, नाला खोल करायचा असो की शाळेची भिंत उभारायची असो, त्यासाठी लागणारे गुण या वाटेवर तिसऱ्या दिवशीच प्रकट झालेले असतात : पाळी वाटून घेणे, सर्वांत मागच्याची वाट पाहणे आणि गाऱ्हाणे उघडपणे मांडणे. ग्रामपंचायतीने श्रमदानाची हाक देताना गडावर जाऊन आलेल्या मंडळाला प्रथम बोलवावे. एकत्र चालण्याची सवय त्यांना झालेली असतेच; तिला गावाचे काम देणे हे आता पंचायतीच्या हाती आहे.